पाण्याच्या खुणेवर वीतभर

मल्लव्वा : पडलं म्हंजे? हातातनं पडलं?

शांभवी : ताटात पडलं, अव्वा. भुईवर न्हाय. खाली ताट होतं.

मल्लव्वा : ताट होतं म्हणून काय झालं? सात वर्षांची होतीस तवा स्वामींनी इष्टलिंग बांधलं तुझ्या गळ्यात. अठरा वर्षं रोज सकाळी डाव्या हातावर घेऊन पूजेला बसतीस. तापात घेतलंस, गोवर निघाला तवा घेतलंस. कधी तसूभर हाललं न्हाय. आणि आज पडलं?

शांभवी : आज पडलं.

मल्लव्वा : लक्ष कुठं होतं तुझं?

शांभवी : लिंगावरच होतं. बेल वाहायला उजवा हात उचलला आणि टण्णदिशी आवाज झाला. मला वाटलं, चुलीपाशी तुझ्या हातनं वाटी पडली. मी हाकसुद्धा मारली न्हवं का, अव्वा काय पाडलंस म्हणून?

मल्लव्वा : मारलीस. मी म्हटलं, काय न्हाय पाडलं.

शांभवी : तेव्हा खाली बघितलं. हात मोकळा होता. बोटं कधी उघडली, मला कळलंच न्हाय.

मल्लव्वा : शिवा, शिवा. बस खाली. न्हाय, उभीच ऱ्हा. मला काय सुधरंना झालंय. टवका बिवका उडाला काय?

शांभवी : न्हाय. दोनदा बघितलं. हाय तसं हाय.

मल्लव्वा : आता कुठं ठेवलंस?

शांभवी : वस्त्रात गुंडाळून ताटातच. परत हातावर घ्यायचं धाडस होईना.

मल्लव्वा : म्हंजे पूजा अर्धी राहिली. आणि पोटात?

शांभवी : पाणीसुद्धा न्हाय. पूजा पुरी झाल्याबिगर कसं घेऊ?

(एप्रिल २००६. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या अंगाला असलेला एक छापखाना. मागच्या खोलीत घर, पुढच्या खोलीत काम. पुढच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीला, गेल्या आषाढातल्या पुराची तांबूस रेघ आहे. रेघेच्या वर वीतभर, पेट्या ठेवायच्या लोखंडी घोड्यावर, कॉम्प्युटर बसवलेला. मायलेकी बोलत बोलत पुढच्या खोलीत आल्या आहेत, पण शांभवी त्या रेघेकडं नजर जाऊ देत नाही. गेले आठ दिवस ती हेच करते आहे.)

भाऊसो : शटर अर्धंच वर दिसतंय. वहिनी, आज सुट्टी हाय काय? गारगोटीचं पावणं बारा वाजता पत्रिकेचं प्रूफ बघाय येणार हाईत.

मल्लव्वा : आत या, भाऊसो. शटर ऱ्हाऊ दे. पोरीच्या हातातनं लिंग पडलं.

भाऊसो : कुठल्या हातातनं?

मल्लव्वा : बघा. मी इचारलं लक्ष कुठं होतं, तुम्ही इचारलं हात कुठला. अहो, पूजेचं लिंग पडलंय म्हणतीय मी.

भाऊसो : ऐकलं की. तुमच्या पूजेतलं मला काय कळत न्हाय, आमच्यात ते न्हाय. पण हात कळतोय. चौतीस वर्षं ह्याच खोलीत उभा राहून खिळे जुळवलेत. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि ओळ भरायची. हात कधी रुसतो, कधी सोंग करतो, ते मला इचारा. पोरी, डावा न्हवं?

शांभवी : डावा.

भाऊसो : ये हिकडं उजेडात. ह्या बोटाला काय झालं?

शांभवी : कुठल्या?

भाऊसो : मधल्या. फोड आलाय टरारून, हरभऱ्याएवढा.

शांभवी : कुठाय? अरे. हा कधी आला?

मल्लव्वा : काल सांजच्याला भाकरी तूच केल्यास. तव्याचा चटका असंल.

शांभवी : चटका बसला असता तर ओरडले असते की, अव्वा.

मल्लव्वा : तू ओरडली न्हाईस.

शांभवी : न्हाय.

भाऊसो : डोळं मीट.

शांभवी : काका, आता ह्या वेळेला कसला खेळ.

भाऊसो : मीट म्हणतोय न्हवं. उजवा हात पुढं कर. हां. काय ठेवलं?

शांभवी : खिळा. तुमच्या खिशातला. मोठा हाय, पत्रिकेच्या मथळ्याचा. 'श्री' हाय.

भाऊसो : शाब्बास. रांगत होतीस तवापासनं खिळ्यांतच खेळलीस, तुला कळायचंच. आता डावा कर पुढं. डोळं मिटूनच. सांग.

शांभवी : ठेवा की.

भाऊसो : काय हाय ते सांग.

शांभवी : ठेवा तर खरं. नुसता हात धरून काय बसलाय?

मल्लव्वा : शांभवे.

शांभवी : काय?

मल्लव्वा : ठेवलाय गं त्यांनी. कवाचा ठेवलाय. तुझ्या बोटांवर हाय.

शांभवी : थट्टा करू नकोस.

मल्लव्वा : डोळं उघड आणि बघ.

शांभवी : हाय की.

भाऊसो : वहिनी, तुम्ही जरा टेका. रंग उतरलाय तुमचा. हे घ्या स्टूल.

मल्लव्वा : मला काय व्हत न्हाय. शांभवे, दोन्ही तळवं जवळ आण. पोथीची पानं उघडतो तसं उघड. भाऊसो, मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय काय? उजव्या अंगठ्याखालचा गोळा बघा, भाकरीच्या पिठागत भरलाय. आणि डावीकडं बघा. बसलाय. कुणी अंगठ्यानं दाबून ठेवल्यागत बसलाय.

भाऊसो : दिसतंय.

मल्लव्वा : न्हाऊ घातलं हिला ह्या हातांनी. कानाच्या पाळीवरचा तीळ मला ठावं हाय हिच्या. आणि हात सुकाय लागला ते दिसलं न्हाय मला?

शांभवी : डॉक्टरांनी दाखवलं तेव्हाच मलासुद्धा दिसलं.

मल्लव्वा : कुठलं डॉक्टर?

शांभवी : राजारामपुरीतले. हाडाचे.

मल्लव्वा : कवा गेलतीस?

शांभवी : गेल्या सोमवारी. कागदवाल्याकडं जाते म्हटलं होतं ना, तेव्हा.

मल्लव्वा : खोटं बोललीस माझ्यासंगं?

शांभवी : कागदवाल्याकडं पण गेले होते. आधी तिकडं, मग हिकडं. अर्धंच खोटं हाय.

भाऊसो : काय म्हणालं डॉक्टर? सगळं सांग. ताटात लिंग पडल्यावर आता लपवायचं काय राहिलं?

शांभवी : मनगटावर टिचकी मारली त्यांनी. बोटांच्या टोकापर्यंत मुंग्या गेल्या, विजेचा झटका बसल्यागत. मग म्हणाले, दोन्ही हात खाली वाकवून पाठीला पाठ लावून धरा, एक मिनिट. मला अर्धं मिनिटसुद्धा धरवेना. म्हणाले, मनगटात एक बारीक बोळ असतोय, त्यातनं नस जाते. तुमचं मनगट सारखं वाकलेलं आणि दाबलेलं राहिलंय, त्यामुळं नसेला जागाच उरलेली न्हाय.

मल्लव्वा : अहो पण दाबतंय कोण? तू काय गवंड्याच्या हाताखाली हाईस?

शांभवी : त्यांनीबी तेच विचारलं. काम काय करता? म्हटलं, कॉम्प्युटरवर पत्रिका करते. दिवसाला किती तास? म्हटलं, लगीनसराईत दहा. टेबल केवढं उंच? मी हात लावून दाखवलं, इथपर्यंत. खांद्याला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

भाऊसो : ठेवणारच.

शांभवी : म्हणाले, एवढ्या उंचावर कुणी ठेवलं हे? मी म्हटलं, पुरानं.

मल्लव्वा : पुरानं म्हणालीस? माझं नाव घेतलं न्हाईस?

शांभवी : पुरानंच की, अव्वा.

मल्लव्वा : पुराला काय हात असत्यात व्हय? मी ठेवलं. मी काय मजेनं ठेवलं? नाल्याचं पाणी उलटं फिरलं तवा पाव तास मिळाला आपल्याला. तो टीव्हीसारखा डबा मी डोक्यावर घेतला, शेणाच्या पाटीगत. दुसरा तू उराशी धरलास, तान्ह्या पोरागत. खिळ्यांच्या पेट्या सगळ्या चिखलात गेल्या. जुनं मशीन गंजून बसलं. हिचा बाप जाऊन बारा वर्षं झाली, त्याच्या हातचं जेवढं होतं तेवढं एका दिवसात गेलं. उरलं ते हे दोन डबं. पाणी उतरल्यावर मी भिंतीवरची रेघ बघितली, वर वीत लावली आणि म्हटलं, ह्याच्या वर. खिळ्यांच्या पेट्यांचं हे लोखंडी घोडं रिकामं झालंतं, त्याचीच फळी वर चढवून बसवलं. पाणी आलं तर घोड्याच्या पायाला लागंल, मशीनच्या तोंडाला न्हाय.

शांभवी : बरोबर हाय तुझं.

मल्लव्वा : बरोबर हाय म्हणू नगंस. बरोबर असतं तर तुझा हात असा का झाला असता?

शांभवी : पाणी यायचं तर वर्षातनं एकदा येतंय. तेसुद्धा आलं तर. मी रोज बसते तिथं. भाऊसोकाकांच्या जुन्या स्टुलावर, पाय लोंबकळत. खांदे कानापर्यंत चढलेले. आणि घोड्याची ती लोखंडी कड, मनगट टेकलं की कापतीय नुसती. उजवा हात माऊस धरायला तरी उठतो. डावा तिथंच. जोडाक्षरं, वेलांट्या, सगळ्याला एक बटण करंगळीनं दाबून धरायचं आणि बाकीची बोटं ताणायची. एका पत्रिकेत त्या खालच्या किलबिलीतच चाळीस नावं. आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं.

मल्लव्वा : बांगड्या मागं सार.

शांभवी : अव्वा, नको.

मल्लव्वा : सार म्हणतीय मी.

शांभवी : बांगडीचाच वळ हाय.

मल्लव्वा : बांगडीचा वळ गोल असतोय. हा सरळ हाय. भाऊसो, बघा. भिंतीवर रेघ हाय तशीच हिच्या मनगटावर. तोच रंग.

भाऊसो : बघितलीया मी ती रेघ.

मल्लव्वा : आत्ता न्हवं?

भाऊसो : न्हाय, वहिनी. आधी. दिवाळीपासनं बघतोय. पोरगी टाईप करता करता थांबायची आणि हात झटकायची. भांडी घासून बायका ओला हात झटकत्यात तसा. हाताला पाणी तर नसायचं. मला कळलंतं.

मल्लव्वा : दिवाळीपासनं? आणि तोंडातनं शब्द न्हाय?

भाऊसो : न्हाय.

मल्लव्वा : का?

भाऊसो : हे मशीन आलं त्या दिवशी तुम्ही म्हणाला, भाऊसो, आता तुम्ही बाइंडिंग बघा. तुम्ही साधंच बोलला. मी बी साधंच व्हय म्हटलं. मग चहाच्या गाड्यावर गेलो आणि चार माणसांत बोललो, ह्या डब्याम्होरं जो बसंल त्याचा हात एक दिवस गेल्याबिगर राहायचा न्हाय.

शांभवी : काका.

भाऊसो : शाप मी मानत न्हाय. छप्पन्न सालापासनं आमच्या घरातनं ती भानगड गेली. बोलण्यानं कुणाचा हात जात न्हाय. पण मी बघितलं आणि गप बसलो, ते मी मानतो. दिवाळीतच एक शब्द बोललो असतो, तर एवढ्यावर आलं नसतं.

मल्लव्वा : माझ्याच छापखान्यात. माझ्याच म्होरं. मला वाटायचं, पुरातनं आपण तिघंबी निभावलो.

भाऊसो : बोला, वहिनी. काय बोलायचं ते बोला. मी आज खाली मान घालून ऐकणार.

मल्लव्वा : काय बोलू? तुम्ही गप तरी बसला. मी तर बोलले. शांभवे, संक्रांतीला तू म्हणालीस, अव्वा हात बधिर होतोय. म्हणालीस न्हवं?

शांभवी : जाऊ दे ना.

मल्लव्वा : मी तीळ भाजत होते. मान वर करून बघितलंसुदिक न्हाय. म्हटलं, बसून बोटं हलवायची त्याला कसलं कष्ट? माझ्या आईनं चंदगडात पायलीपायलीचं जातं ओढलं, तिचा हात कधी बधिर झाला न्हाय. खोबरेल लाव म्हटलं.

शांभवी : लावलं होतं. कीबोर्डवर बोटं घसरायला लागली.

मल्लव्वा : हसवू नगंस मला. हसाय येत न्हाय.

भाऊसो : वहिनी, एक इचारू? तुमच्या आईनं जातं एका हातानं ओढलं?

मल्लव्वा : एका हातानं कोण ओढतंय? हात बदलत्यात की. एक ओवी सरली की खुंट्यावरचा हात बदलायचा. मला पहिल्यांदा जात्यावर बसवलं तवा आईनं आधी तेच शिकवलं. दाणं घालाय मागनं शिकवलं.

शांभवी : मला कधी सांगितलं न्हाईस.

मल्लव्वा : तुझ्या वेळंला गिरण आली, कशाला सांगू? ओवी होती तिची एक.

जात्याच्या खुंट्याला दोघां भावांची गं पाळी
थोरला शिणता धाकला ये दुज्या ओळी

शांभवी : परत म्हण.

मल्लव्वा : म्हणंन परत. आधी तुझ्या हाताचं बघू.

भाऊसो : हेच बघा. आमच्या कामातबी हेच होतं, फक्त ओवी नव्हती. डाव्या मुठीत लोखंडी पट्टी धरायची, तिच्यात दहाएक ओळी भरल्या की ती जड व्हायची. मग चार पावलं चालून जुळणीच्या दगडी मेजावर रिकामी करायची. खिळं संपलं तर दुसऱ्या पेटीकडं जायचं. शाई बघाय मशीनपाशी. कामच माणसाला उठवत होतं. पोरी, तुझ्या कामात तुला उठवणारं कोण न्हाय. सगळी अक्षरं बोटांखाली. चुकलं तर पुसायलाबी उठाय लागत न्हाय.

शांभवी : डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. अर्ध्या तासानं उठायचं. खिडकीतनं लांबचं काहीतरी बघायचं. खांदे सैल सोडायचे. मनगट सरळ, कशावर टेकायचं न्हाय. पाय भुईला लागले पाहिजेत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. आणि झोपताना हा पट्टा बांधायचा.

मल्लव्वा : पट्टा कुठाय?

शांभवी : उशीच्या अभ्र्यात.

मल्लव्वा : देवा. पोरगी चोरी केल्यागत दुखणं लपवतीय. बांधलास तरी काय?

शांभवी : तू झोपल्यावर. आठ दिवस. पण दिवसा परत त्याच घोड्यावर.

मल्लव्वा : सांगायचं की मला. मी काय तुला खाल्ली असती?

शांभवी : तू रोज सकाळी दिवा लावतीस ना, तो दिवा घेऊन त्या मशीनपाशी येतीस. रेघेवर वीत लावून बघतीस. रोज. नऊ महिने. तुला कसं सांगू, की ते खाली घे म्हणून?

मल्लव्वा : भरंल का गं तो गोळा परत?

शांभवी : आत्ता थांबलं तर भरंल म्हणाले. सहा आठवडे डाव्या हाताला टायपिंग न्हाय, मग परत दाखवायचं. असंच आणखी दोन महिने चाललं तर ऑपरेशन. आणि ऑपरेशन करूनसुद्धा सगळं परत येईल असं लिहून देत न्हाय म्हणाले.

मल्लव्वा : दोन महिने. आणि तू त्यातलं आठ दिवस माझ्या रेघेपायी घालवलंस.

भाऊसो : वहिनी, पाना कुठाय?

मल्लव्वा : कशाला?

भाऊसो : घोड्याला भोकं हाईत सगळीकडं. नट सोडायचा, फळी खाली घ्यायची. माझ्या उस्तादानं, गणपतरावांनी, मला कामावर घेतलं त्या दिवशी खिळ्याला हात लावू दिला न्हाय. आधी पेटीम्होरं उभा केला, कोपर अंगाला लावाय सांगितलं, आणि कोपराच्या मापानं पेटी खालीवर केली. म्हणालं, अक्षरं मागनं शिक, आधी हाताला घर दे. पोरी, ते बुटकं स्टूल घे. बस. पाय टेकले?

शांभवी : टेकले.

भाऊसो : खांदं टाक. आणखी. तुझं खांदं कानाशी गप्पा मारत्यात, खाली आण त्यांना. कोपर अंगाला. आता हात आडवा धर. मनगट वाकवू नगंस. हां, तसाच ठेव. कोपराच्या उंचीला घोड्यावर पेन्सिलीची खूण करतो. वहिनी, बघा. वरची पाण्याची खूण, खालची हिची.

मल्लव्वा : केवढं अंतर हाय रे देवा.

भाऊसो : दीड हात.

मल्लव्वा : आणि पाणी आलं तर? जून काय लांब न्हाय, भाऊसो.

भाऊसो : आलं तर उचलाय लागंल. गेल्या साली कुणी उचललं?

मल्लव्वा : मी आणि हिनं.

भाऊसो : मग ह्या साली हिचा हात लागंल का न्हाय? मशीन रेघेच्या वर राहिलं आणि उचलणारीचा हात गेला, तर काय वाचवलंसा?

मल्लव्वा : पाना चुलीमागच्या फळीवर हाय. शांभवे, तू बस. तू हात लावायचा न्हाय. मी आणते.

शांभवी : काका, गारगोटीच्या पाव्हण्यांचं प्रूफ अजून व्हायचंय. किलबिल राहिलीय सगळी.

भाऊसो : मी करतो.

शांभवी : तुम्ही? चार वर्षांत तुम्ही त्या मशीनची धूळसुद्धा पुसली न्हाईत. हातच लावणार न्हाय म्हणाला होता.

भाऊसो : म्हणालतो. हजारभर घरांच्या पेटीत डोळं मिटून 'क्ष' काढत होतो मी. ह्या ताटलीएवढ्या पाटीवर हरवणार काय? तू बाजूला बसून सांग, मी दाबतो.

मल्लव्वा : हा घ्या पाना. एका बोटानं टाईप करणार न्हवं? पत्रिका छापून निघूस्तवर नवऱ्याला पोरगं झालेलं असंल. त्याचंबी नाव किलबिलीत घाला.

भाऊसो : बारशाची पत्रिकाबी आपल्यालाच मिळंल. आधी दोन्ही डबं भुईवर घेऊ. हां. आता धरा ही फळी. दोन्ही हातांनी. नट सुटला. हळू. आणखी खाली. आणखी. हां, आली खुणंला. बघ पोरी, हात ठेवून. नुसता ठेव.

शांभवी : खांद्यावरनं कुणी घागर उतरवल्यागत वाटतंय.

मल्लव्वा : आणि ही कड? कापती कड तशीच राहिली की.

भाऊसो : मनगट टेकायचंच न्हाय म्हणून सांगितलंय. पण सवय काय एका दिवसात जायची न्हाय.

मल्लव्वा : माझं जुनं इरकल हाय, त्याचा काठ मऊ झालाय. घडी करून बांधते. आणि शांभवे, मी आत भाकरी थापत असले तरी अर्ध्या तासानं ओवी म्हणणार. मोठ्यानं. ओवी ऐकली की उठायचं. भाऊसो, तुम्हीबी.

भाऊसो : अर्ध्या तासात मी चार नावं टाईप करीन. पण उठतो.

शांभवी : अव्वा, पूजा.

मल्लव्वा : व्हय. चल.

शांभवी : पाव्हणं येतील आता.

भाऊसो : येऊ देत. मी बसवतो, चहा पाजतो. लग्न त्यांचं हाय, थांबतील. तू आधी पोटात काय तरी घाल.

मल्लव्वा : पाट घे. बस. ताट म्होरं ओढ. न्हाय, मी ओढते.

शांभवी : स्वामींना विचारायला नको?

मल्लव्वा : सांजच्याला मी मठात जाऊन सांगीन सगळं. काय पडलं ते बी सांगीन, आणि कुणामुळं पडलं ते बी. तू वस्त्र सोड.

शांभवी : उजव्या हातावर घेऊ?

मल्लव्वा : अठरा वर्षं डाव्यावर बसायची सवय हाय त्याची. आज जागा बदलली तर डाव्या हाताला काय वाटंल? डावाच पुढं कर.

शांभवी : अव्वा, मला थंड लागत न्हाय. जड लागत न्हाय. हातावर हाय का न्हाय, तेच कळत न्हाय.

मल्लव्वा : डोळ्यांनी बघ. तोवर डोळ्यांनी.

शांभवी : बोटं परत सैल झाली तर?

मल्लव्वा : होऊ देत. खाली माझा हात हाय.